पेंद्या, सुप्पंडी आणि पे-इन स्लिप

सोलापूरहून अक्कलकोटला जाताना वाटेत वळसंग लागते. १९९३ साली बँकेने माझी तिथल्या शाखेत बदली केली. चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि शाळा सुटली की स्वारी थेट बँकेत. रद्द झालेल्या पे-इन स्लिपांच्या कोऱ्या पाठी ही त्याची चित्रकलेची वही.

एके दिवशी टेबलाखाली टाचणी टोचलेला एक गठ्ठा सापडला. चित्रकथा होती. तिच्यात नायक नव्हताच. होता तो खलनायक. वय वर्षे आठ, कोळशासारख्या काळ्या मिशा आणि बसायला उशी ठेवलेली साहेबाची खुर्ची. त्याचा हुकूम एवढाच, की जगातली सगळी गणिताची पुस्तके विहिरीत टाका. हुकमाचे ताबेदार दोघे. एक ढेरपोट्या, दुसऱ्याच्या नाकावर हुबेहूब माझा चष्मा. पुस्तके काठावरच राहतात आणि हे दोघे विहिरीत पडतात!

शिपाईमामा पोट धरून हसले. मी हसलो नाही. "गुंड व्हायचंय का तुला?" असे विचारून मी तो गठ्ठा टराटरा फाडला.

पुढे पंधरवड्याने सप्ताहातले काल्याचे कीर्तन ऐकायला आम्ही बापलेक गेलो. बुवा रंगात आले होते. कृष्णाने चोरीचा बेत आखला, सवंगड्यांचा मनोरा रचला, सगळ्यांत खाली पेंद्या. हात शिंक्याला लागणार तोच पेंद्याला शिंक आली! मनोरा कोसळला आणि माझ्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आले. शेजारून चिरंजीवांनी हळूच विचारले, "बाबा, हा चालतो?"

उत्तर मला तेव्हा सुचले नाही. आता थोडेफार सुचते.

भागवतातल्या गोपाळांत पेंद्या नावाचा कोणी नाही. तो आपला, मराठी. संतांच्या काल्याच्या अभंगांत तो लंगडत बागडला आणि तमाशाच्या गवळणीत त्याला हक्काची जागा मिळाली. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवायची आणि दाण मागायचे, हा तिथला खेळ. दाण म्हणजे जकात. बँकवाल्याच्या भाषेत ही सरळ खंडणी! पण वसुलीला पेंद्या असला की खंडणीचेही हसू होते. मावशी त्याला शब्दांत गुंडाळून ठेवते आणि पुढाऱ्याला सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. गंमत अशी, की पलीकडे कंसाचीही टोळी आहेच. पूतना, शकटासुर, तृणावर्त, बकासुर, अघासुर असे एकामागून एक हस्तक तो पाठवतो आणि एकालाही एक पोर आवरत नाही.

अमर चित्रकथेचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा 'कृष्ण'. अनंत पै यांच्या त्या पुस्तकाची चित्रे राम वाईरकरांची. पुढे 'टिंकल'मधला सुप्पंडी, सांगितलेले काम शब्दशः करून मालकाला घाम फोडणारा तो नोकर, त्याच वाईरकरांच्या कुंचल्यातून उतरला. एकाच हाताने लोणीचोर काढला आणि बावळट ताबेदारही. हा योगायोग मला फार आवडतो. त्याच 'टिंकल'मध्ये चमटका कोल्हा आणि डूबडूब मगर हे दोघे काळ्या कावळ्याकडून दर अंकात मार खातात, आणि पुढच्या अंकात नवा बेत घेऊन हजर असतात.

मुलाच्या हुकमात घरात कोण असते? कोणीच नाही. ऊठ, बस, दूध पी, गृहपाठ कर हे सगळे हुकूम त्यालाच सुटतात. मग कागदावर त्याने दोन मोठी माणसे नोकरीला ठेवली, तर बिघडले कुठे? शिवाय तो लबाडी करीत नाही. आपला बेत फसणार हे तो आधीच लिहून ठेवतो. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये आलेला पंडित-वाडेकरांचा 'चिंटू' घरातली मोठी माणसेच आधी वाचायची, तेही उगीच नव्हे. पोरापुढे आपली कशी फजिती होते, हे त्यांना आरशात पाहिल्यासारखे दिसत असावे.

मला काय झोंबले होते तेही सांगून टाकतो. गुंडगिरी नव्हे, चष्मा! तीस वर्षे मी वरून आलेली परिपत्रके अंमलात आणली. त्यांतली निम्मी मला कळली नव्हती, आणि ती पाठवणाऱ्यांना तरी कळली होती की नाही, देव जाणे. पोराने मला बरोबर ओळखले होते.

गेल्या दिवाळीत चिरंजीव पुण्याहून आले. आता चाळिशीचे, डोळ्यांवर त्यांच्याही चष्मा. मी भीत भीत विचारले, "ते विहिरीत पडलेले दोघे पुढे वर आले का रे?"

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, ते दुसऱ्या भागात होतं. तो काढायचाच राहिला."

नातू शेजारी बसून ऐकत होता. तो उठला आणि माझ्या टेबलावरचे पाठकोरे कागद घेऊन आला.