पृथ्वीगोल कपाटाबाहेर ठेवा



गणपती झाल्यावर आमच्या आळीतले एक दादा नोकरीसाठी न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या आजीने मला विचारले, "तू सातवीत हाईस ना? मग सांग, आमचा पोरगा किती कोस लांब गेला रं?" मला काही सांगता येईना.

वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क फूटपट्टी लावली, खालच्या प्रमाणाने गुणले. उत्तर साडेसोळा हजार किलोमीटर! वर्गातला एक जण वडिलांच्या मोबाईलवर बघून आला, तो म्हणे साडेबारा हजार. झाले, दोन दिवस भांडण. चार हजाराचा फरक म्हणजे काय थोडा? आपला अख्खा देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर आहे.

शेवटी गुरुजींनी कार्यालयातल्या कपाटातून पृथ्वीगोल काढला. विषुववृत्तावरून दोरा फिरवला, तो भरला ९६ सेंटिमीटर. पृथ्वीचा खरा घेर तिथे सुमारे ४०,००० किलोमीटर. मग मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरला, ३० सेंटिमीटर. आता त्रैराशिक मांडा: ९६ ला ४०,०००, तर ३० ला किती? १२,५००!

गंमत म्हणजे दोरा अरबस्तानाकडे गेलाच नाही. कझाकस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलंड करत, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून तो कॅनडात उतरला. आम्ही त्याला खाली ओढून पाहिले, तर तो न्यूयॉर्कपर्यंत पुरेना. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरचा, पण ६० अक्षांशावर त्याच्या निम्माच. आमच्या सपाट नकाशात मात्र दोन्हीकडे सारखाच काढलेला. संत्र्याची साल पाटावर सपाट करून बघा, म्हणजे नकाशावाल्यांची अडचण कळेल.

विमान अगदी दोऱ्यावरूनच जाते असेही नाही. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट लांब, सुमारे १५,३०० किलोमीटर, पण वारा पाठीशी, म्हणून वेळ कमी लागला. तरी आधी दोऱ्याचे अंतर ठाऊक हवे, नाहीतर लांब कशापेक्षा ते कसे कळणार?

आजींना सांगितले, "चार हजार कोस." त्या म्हणाल्या, "आन् परत यायचं किती?"

आता माझे म्हणणे. त्या दिवसानंतर पृथ्वीगोल पुन्हा कपाटात गेला. मुले फोडतील म्हणतात. फुटेलही एखाद्या वेळी. पण कुलपात राहून तो कुणाला काय शिकवणार? मोबाईल नुसता आकडा देतो, तो का आला ते दोऱ्याने कळते. पृथ्वीगोल वर्गात टेबलावर असावा, रोज एका मुलावर त्याची जबाबदारी द्यावी. पालकांनी येत्या सभेत हा विषय काढावा. दोरा आम्ही घरून आणू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी