कानाची बॅटरी बदलून मिळत नाही

आष्टीच्या बसस्टँडवर सकाळी नगरच्या गाडीची वाट पाहणारी पोरे पाहा. बहुतेकांच्या कानात वायर, नाहीतर ब्लूटूथचे ईअरबड. आवाज इतका की शेजारच्यालाही गाणे ओळखता यावे. घरी अम्मी हाक मारते, तर पोरगा विचारतो, "क्या बोली?" एकदा, दोनदा, तीनदा. आपण "बहिरा झाला काय रे?" म्हणून हसतो आणि सोडून देतो. हे हसण्यावारी नेणे आता परवडणारे नाही.

मोबाईलच्या रेडिएशनवर वाद होत राहतील. कानाचा प्रश्न त्याहून साधा आहे: आवाज किती मोठा आणि किती वेळ? आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यातल्या काही हजार सूक्ष्म केसपेशी आवाजाचे रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात करतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात आणि रोजच मार बसला तर मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने याचा हिशोब मांडला आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकता येतो. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला फक्त २० मिनिटांवर. दहा डेसिबल ऐकायला थोडेच वाटतात, पण कानावर आदळणारी ऊर्जा दहापट होते. न्यू आष्टी ते नगर हा रेल्वेमार्ग ६६ किलोमीटरचा आहे. अनेक फोन ईअरफोनवर फुल आवाजात शंभरच्या आसपास जातात. तसे ऐकत निघालात, तर आठवड्याचा कोटा नगर येण्याच्या कितीतरी आधी संपतो.

नुकसान एका दिवसात दिसत नाही, म्हणून ते फसवे आहे. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. 'स', 'फ', 'थ' यांतला फरक पुसट होतो. माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण समजत नाही." काहींच्या कानात रात्री शिट्टी वाजत राहते.

आपल्या भागात याची किंमत मोठी आहे. शेती कोरडवाहू, कारखाने नाहीत, ऊसतोडीला जायचे नाही म्हणून कित्येक पोरे पहाटे उठून भरतीसाठी धावतात. धावताना कानात गाणी, अभ्यासिकेत कानात लेक्चर. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत दोन्ही कान वेगवेगळे तपासतात, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. मैदान मारायचे आणि कानात अडकायचे, हे दुःख टाळता येण्यासारखे आहे.

दुसरा धोका नवा आहे. सप्टेंबर २०२२ पर्यंत आष्टीला रेल्वेच नव्हती. आता रूळ शेतांजवळून जातात आणि २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत पोचली. रुळाची सवय नसलेल्या गावात कानात बोळे घालून रूळ ओलांडणे म्हणजे जिवाशी खेळ.

कोणी म्हणेल, दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे असताना ईअरफोनशिवाय अभ्यास कसा करायचा? खरे आहे. ईअरफोन फेकून द्या असे मी म्हणत नाही. आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवा, तासाभराने कानाला विसावा द्या, ईअरफोन लावून झोपू नका. बाहेर गोंगाट असेल तर आवाज वाढवण्याऐवजी ऐकणे थांबवा. एखादा कान अचानक बंद झाल्यासारखा वाटला तर लसणाचे कोमट तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा बहिरेपणात उपचार लवकर सुरू होणे फार महत्त्वाचे असते.

आणि एक गोष्ट आपल्याच समाजाला सांगायची आहे. मोबाईलवर ताशेरे ओढणारी मोठी माणसे वरातीत आणि जुलूसमध्ये डीजेपुढे लहान लेकरांना खांद्यावर घेऊन उभी असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दुसऱ्यांच्या मिरवणुकीकडे बोट दाखवण्याआधी आपल्या वरातीचा आवाज कमी करू या. तो अधिकार पूर्णपणे आपल्या हातात आहे.

ऐकू कमी येते हे लपवण्याची सवयही सोडायला हवी. चष्मा लागला तर कोणी लपवत नाही. श्रवणयंत्र मात्र लपवतो, मुलीचे असेल तर जास्तच, कारण "रिश्ता कैसे आएगा?" अशाने तपासणीच टळते. वांद्र्याला १९८३ पासून वाणी व श्रवणदोषांसाठी राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचे नाव आहे. पण आष्टीच्या पोराने तपासणीसाठी मुंबई गाठायची का? शाळांमध्ये येणाऱ्या बालस्वास्थ्य पथकाकडे मुलांचे कान तपासण्याचा आग्रह धरू या. तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी कानाची तपासणी व्हावी, अशी मागणी तरुणांनीच लेखी करावी.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावण्याची सोय शोधा आणि ती लावा. मग एक कान मोकळा ठेवून बसा. अम्मीची हाक पहिल्यांदाच ऐकू आली पाहिजे.