फोन भरला! आता काय काढू?



या आठवड्यात अकोटहून एक पत्र आलं. ते वाचून मी चक्क ओशाळलो. का ते सांगतो, पण आधी पत्रात काय आहे ते ऐका. पत्र आठवीतल्या एका मुलीचं आहे. ‘माझं नाव छापू नका,’ असं तिनं खाली दोनदा अधोरेखित करून लिहिलंय, म्हणून नाव छापत नाही.

तिच्या घरी स्मार्टफोन एकच, बाबांचा. ३२ जीबीचा. दिवसा तो बाबांच्या खिशात आणि संध्याकाळी हिच्या अभ्यासाला. ऑगस्टमधल्या एका रविवारी दोघं शेतात गेली होती, ई-पीक पाहणी करायला. शहरातल्या मित्रांना हा शब्द नवा असेल. पूर्वी कोणत्या शेतात काय पेरलंय याची नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर शेतकऱ्यानंच आपल्या शेतात उभं राहून, मोबाइलवर पिकाचा फोटो काढून ती नोंद करायची सोय झाली. नोंद सातबाऱ्यावर जाते. पुढे पाऊस जास्त झाला, पीक गेलं, मदत मागायची वेळ आली, की हीच नोंद कामाला येते. तेव्हा हा फोटो काही हौसेचा फोटो नाही, बरं का!

तर कपाशीच्या तासात उभे राहून बाबा म्हणाले, “पाय बरं पोरी, फोटोच निंगून नाही राह्यला.”

फोनवर अक्षरं आली होती : साठवण जागा शिल्लक नाही.

आता आमची ही मैत्रीण हुशार. तिला या पानावरचा एक जुना लेख आठवला. त्यात लिहिलं होतं की फोन भरला तर फायली आकारानं लावाव्यात आणि सगळ्यांत मोठ्या आधी काढाव्यात. तिनं बांधावर बसून तेच केलं. वरच्या पाच-सहा फायली निवडल्या आणि डिलीट! तरी जागा होईना. मग लक्षात आलं की काढलेलं सगळं ‘ट्रॅश’मध्ये, म्हणजे फोनच्या कचरापेटीत, जाऊन बसलंय. तीही तिनं रिकामी केली. जागा झाली, फोटो निघाला, नोंद झाली. बाबा खूश.

रात्री घरी आल्यावर तिला कळलं की त्या पाच-सहा फायलींत आजीचा व्हिडिओ होता. जात्यावर बसून ओव्या म्हणणारी आजी. सव्वादोन मिनिटांचा. आजी गेल्या चैत्रात वारली. ‘मी अजून बाबांना सांगितलं नाही. व्हिडिओ परत येईल का?’ एवढंच शेवटी लिहिलंय.

आणि मित्रांनो, तो जुना लेख माझाच होता.

मोठ्या फायली आधी काढा, हा सल्ला अगदी खोटा नाही. पण अर्धा आहे. बाकीचा अर्धा मी लिहिलाच नव्हता, तो आज लिहितो.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. फोनमधून एखादी फाइल काढली, की बहुतेक फोनमध्ये ती आधी ट्रॅशमध्ये जाते आणि साधारण ३० दिवस तिथं राहते. तोपर्यंत ती परत आणता येते. पण तोपर्यंत ती जागाही अडवून ठेवते! म्हणून तिला वाटलं की काही निघालंच नाही. ट्रॅशही रिकामी केली, की मात्र आजच्या फोनमधून ती फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते. ‘गेलेले फोटो परत आणा’ म्हणणारी फुकटची ॲप दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यातली बरीचशी नुसत्या जाहिराती दाखवतात.

असं का होतं ते समजण्याजोगं आहे. फोनच्या पोटातल्या साठवणीला, म्हणजे इंटर्नल स्टोरेजला, फ्लॅश मेमरी म्हणतात. ती जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधून काढली. नाव मात्र त्यांच्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. पुसताना सगळं एका झटक्यात जातं, ते बघून त्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. या मेमरीची एक खोड आहे. समजा, एक पाटी आहे. तिच्यावर तुम्ही एकेक ओळ लिहू शकता. पण पुसायची असेल तर एक ओळ पुसता येत नाही, सगळी पाटीच पुसावी लागते. मग मधली एकच ओळ नको असेल तर फोन काय करतो? हव्या असलेल्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घेतो आणि पहिली पाटी साफ करून ठेवतो. हे काम तो आपल्याला न विचारता, मागच्या मागे करत असतो. म्हणून काढलेली फाइल फार काळ कुठं लपून राहत नाही. आणि म्हणूनच फोन गच्च भरला की मंदावतो. उतरवून घ्यायला कोरी पाटीच उरत नाही ना!

तेव्हा त्या फोनमधला व्हिडिओ गेला. मी त्याच दिवशी तिला उलट टपाली एकच प्रश्न विचारला : तो व्हिडिओ काढल्यावर तू कुणाला पाठवला होतास का?

उत्तर येईपर्यंत आपण फोनमध्ये कशाला किती जागा लागते ते बघू. हिशेब गमतीचा आहे.

फोनमध्ये ‘अकोट’ हा शब्द लिहायला १२ बाइट लागतात. अ, क, काना-मात्रा आणि ट असे चार भाग, प्रत्येकाला तीन. दोनशे पानांचं मराठी पुस्तक नुसत्या अक्षरांत साठवलं तर नऊ-दहा लाख बाइट, म्हणजे साधारण एक एमबी. फोनच्या कॅमेऱ्यानं काढलेला एक चांगला फोटो तीन-चार एमबी. म्हणजे एका फोटोच्या जागेत तीन-चार पुस्तकं! आणि एका मिनिटाचा व्हिडिओ? शंभर एमबीच्या पुढे. एक मोठं कपाट भरून पुस्तकं. ३२ जीबीच्या फोनमध्ये फोनची स्वतःची यंत्रणा आणि आधीपासून भरलेली ॲप दहा जीबी किंवा त्याहून जास्त जागा खातात. उरलेल्यात आपला संसार.

खरं तर फोटो तीन-चार एमबीत मावतो हीच नवलाची गोष्ट आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट. झाले ३६ एमबी. मग बाकीचे गेले कुठे?

याचं उत्तर अकोटच्या मुलांना घरबसल्या दिसतं. दिवाळीनंतर गाडीत रचलेला कापूस जिनिंगला जाताना पाहिलाय ना? गाडी डोंगराएवढी दिसते. जिनिंगमध्ये रेचे सरकी वेगळी करतात. एक क्विंटल कापसातून जेमतेम ३४-३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी. मग ती फुगलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, १७० किलोची. पाच क्विंटल कापूस असा एका गाठीत बसतो. इथं दोन निरनिराळी कामं झाली हे लक्षात घ्या. एकात काहीतरी काढून टाकलं, दुसऱ्यात नुसतं दाबलं. दाबलेली रुई पिंजून पुन्हा फुलवता येते, पण सरकी पुन्हा बोंडात बसवता येत नाही.

फोटोचंही असंच होतं. आधी त्याचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार हळूहळू बदलतो की भराभर, याचा हिशेब मांडतात. भराभर होणारे बारीक बदल आपल्या डोळ्याला नीटसे कळत नाहीत, ते सरकीसारखे बाजूला काढतात. उरलेलं दाबून गाठ बांधतात. हा हिशेब मांडण्याची रीत शोधली बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी. अमेरिकेत प्राध्यापक असताना, १९७२ मध्ये, त्यांनी या कामासाठी तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली! अहमद यांनी पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनपगारी काम केलं आणि १९७४ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर ती रीत छापून प्रसिद्ध केली. १९९२ मध्ये ठरलेली फोटोंची ‘जेपेग’ पद्धत त्याच रीतीवर उभी आहे. तुमच्या फोनमधल्या फोटोंच्या नावांपुढे जेपीजी अक्षरं दिसतात ती हीच.

व्हॉट्सॲपवरून फोटो किंवा व्हिडिओ पाठवला की त्यातली आणखी बरीच सरकी निघते. म्हणून पोचलेली प्रत मूळच्या मानानं अगदी लहान असते. मूळ जसंच्या तसं पाठवायचं असेल तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठवा.

आता भरलेल्या फोनकडे वळू. आपल्याकडचे फोन इतके का भरतात, हा प्रश्न खुद्द गूगलला पडला होता. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या वर्तमानपत्रानं त्याचं उत्तर छापलं : सुप्रभात! सूर्य, गुलाब, वाफाळता चहा आणि खाली शुभेच्छा, अशी लाखो चित्रं रोज सकाळी भारतभर फिरतात. त्याच बातमीत साठवणीची साधनं करणाऱ्या एका कंपनीचा आकडा होता. भारतात दर तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाच्या. गूगलनं डिसेंबर २०१७ मध्ये आणलेलं ‘फाइल्स’ हे ॲप अशी चित्रं हुडकून एका ठिकाणी दाखवतं. (माझ्या फोनमध्ये त्यानं अकराशे दाखवली. पाठवणारे बहुतेक माझेच नातेवाईक, त्यामुळे गप्प बसलो.)

तर सुरुवात इथून करायची. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ असतं. तिथं ‘अनेकदा फॉरवर्ड केलेलं’ असा वेगळा गठ्ठाच दिसतो. त्यातलं काही गेलं तरी चिंता नको, गावातल्या निम्म्या फोनमध्ये तेच आहे! तिथंच फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करता येतं. ते करा म्हणजे दर महिन्याला साफसफाई नको. न खेळले जाणारे खेळ काढा, ते पुन्हा घेता येतात. एखाद्या ॲपची ‘कॅशे’ काढली तर बिघडत नाही, ती त्याची उष्टी-खरकटी. पण शेजारीच ‘डेटा काढा’ असं बटण असतं, त्याला बाबांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मोठ्या फायलींकडे मग वळा, आणि प्रत्येकीपाशी थांबून विचारा : हिची दुसरी प्रत कुठं आहे? सिनेमाची प्रत जगात लाखो ठिकाणी आहे. तो दीड जीबीचा असला तरी खुशाल काढा. आजीच्या व्हिडिओची नाही. माझ्या जुन्या लेखात हा प्रश्नच नव्हता. फोन फाइलचा आकार सांगतो. ती एकुलती एक आहे का, हे त्याला माहीत नसतं.

एकुलत्या एक असतील त्यांची प्रत आधी करा. ओटीजीची छोटी पिन मिळते, तिनं पेनड्राइव्ह थेट फोनला लावता येतो. गूगल फोटोजवरही ठेवता येतं, पण फुकटची जागा १५ जीबी, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो त्यातच मोजले जातात. तिथं एक खड्डा आहे. फोटो वर चढलेला असताना त्याच ॲपमधून डिलीट केलात तर तो वरूनही जातो. फक्त फोनमधून काढायचा असेल तर ‘जागा मोकळी करा’ हेच बटण दाबायचं.

आणि शेतकऱ्यांच्या मुलांनो, हे काम जुलैतच उरका. बांधावर उभं राहून, बाबा खोळंबलेले असताना, काय ठेवू नि काय काढू हे ठरवता येत नाही. एक-दोन जीबी नेहमी मोकळी असू द्या.

हा मजकूर छापायला जाता जाता अकोटचं दुसरं पत्र आलं. व्हिडिओ काढला त्याच संध्याकाळी तिनं तो नागपूरच्या आत्याला पाठवला होता. आत्यानं आईची एकही गोष्ट फोनमधून काढलेली नाही. प्रत जेमतेम १४ एमबीची. जातं धूसर दिसतं, आजीच्या लुगड्याचे काठ एकमेकांत मिसळलेत. बाबांनी तो दोनदा लावायला सांगितला. ओव्या सुरू होण्याआधी आजी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणते, ते बाबांना आठवतच नव्हतं. ते मात्र लख्ख ऐकू येतं :

“माहा फोटू कायले काढतं वं?”