शिष्यवृत्तीची अट आणि न्याय

सुरतेच्या डिंडोली भागात यंत्रमागाच्या आश्रयाने खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या गुणी मुलांना केंद्र सरकारची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मोठा आधार ठरू शकते. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत ती वार्षिक १२,००० रुपये आहे. मात्र दरवर्षीच्या नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण व ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. ही अट गैर नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब विद्यार्थ्यानेही दिलाच पाहिजे. परंतु रात्रपाळी करून शिकणारा आणि निव्वळ उनाडक्या करणारा यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. आजारपणाने वा घरच्या अडचणीने मागे पडलेल्यास सुधारण्यासाठी एक सत्र तरी द्यावे. पाय घसरतो तेव्हाच आधार लागतो, हे शासनाने ध्यानी घ्यावे.