बिननंबरी गाडी, बेवारस जखमी

पुणेकर नागरिकहो,

दसरा तोंडावर आला आहे. गाड्यांच्या शोरूमवर झेंडूची तोरणे चढतील, मुहूर्ताच्या डिलिव्हरीसाठी रांगा लागतील. त्याच रस्त्यावर, कालपरवापर्यंत मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या गाळ्यांत आता ई-स्कूटर उभ्या आहेत. काचेवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते : पासिंग नको, लायसन्स नको, इन्शुरन्स नको. हे पत्रक त्या तीन ‘नको’विषयी आहे. वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या, कचऱ्यात टाकू नका.

आधी कायदा, कारण दुकानदार तो अर्धाच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या वाहनांसाठी एक फट ठेवली आहे. मोटारची शक्ती, म्हणजे ती सलग अर्धा तास जी देऊ शकते ती, २५० वॉटपेक्षा कमी असावी. जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा. आणि या दोन्ही गोष्टी अधिकृत चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित केलेल्या असाव्यात. एवढे जमले तर ती गाडी कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नाही. मग तिला पासिंग नाही, चालवायला लायसन्स नाही, विमा नाही, हेल्मेटसुद्धा नाही. (हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आमच्या शहराला ही शेवटची सवलत विशेष गोड लागली असणार.)

प्रमाणपत्राची अट दुकानदार गाळतो. चाचणी संस्था काही परदेशात नाहीत. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे, सीआयआरटी भोसरीला आहे. गाडी खरोखर सवलतीत बसत असेल, तर त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत दाखवायला दोन मिनिटे पुरतात.

आमच्यातला एक जण मुलीला क्लासला जायला गाडी बघायची म्हणून उपनगरातल्या अशाच एका दुकानात गेला. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका दुकानाचा नाही. विक्रेत्याने सीट उचलली. खाली कंट्रोलरची चपटी पेटी, तिच्यातून निघालेला वायरींचा झुबका आणि त्या झुबक्यात एक छोटी, स्वतःशीच जोडलेली वायर. “ही पिन काढायची, बस. पंचवीसची पंचेचाळीस.” पोलिसांनी धरले तर, असे विचारल्यावर तो मनापासून हसला. “काका, नंबरच नाही. चलान फाडणार कशावर?”

माणूस खरे बोलला. चौकाचौकातले कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि दंडाचा निरोप मालकाच्या मोबाइलवर धाडतात. ज्या गाडीला प्लेटच नाही, तिने सिग्नल तोडला काय किंवा उड्डाणपुलावर उलटी घुसली काय, कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती भूत आहे.

जे तो विक्रेता बोलला नाही ते आम्ही सांगतो. ती पिन ज्या क्षणी निघते, त्या क्षणी गाडी सवलतीतून बाहेर पडते आणि पुरते मोटार वाहन होते. म्हणजे तुमची मुलगी एकाच वेळी विनानोंदणी, विनापरवाना आणि विनाविमा मोटार वाहन चालवते आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनानोंदणी गाडीला पहिल्या खेपेला पाच हजारांपर्यंत दंड आहे, विनापरवान्याला पाच हजार, विनाविम्याला दोन हजार किंवा कैद. मुलगी अठराच्या आतली असेल तर कलम १९९-अ पालकाला धरते : पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय मुलीला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पिन दुकानात निघाली, सही तुमची झाली.

पण दंड ही त्यातली किरकोळ बाब. खरा प्रश्न आहे गाडीखाली आलेल्या माणसाचा.

समजा, टिळक रस्त्यावर संध्याकाळी भाजी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या आजींना अशा गाडीने उडवले. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरूण. गाडी नोंदणी केलेली आणि विमा काढलेली असती, तर घरचे लोक मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेले असते आणि भरपाई विमा कंपनीने दिली असती. तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा केला तो याचसाठी : धडक देणारा कंगाल असला तरी जखमी माणूस उघड्यावर पडू नये. आता गाडी खरोखर पंचवीसच्या आतली असेल तर ती मोटार वाहनच नव्हे, सबब न्यायाधिकरणाचे दार बंद. दिवाणी दावा लावा, वकील गाठा, निष्काळजीपणा सिद्ध करा आणि एवढे करून डिलिव्हरीवर पोट भरणाऱ्या पोराकडून वसूल काय करणार ते बघा. गाडी पिन काढलेली असेल तर न्यायाधिकरणाचे दार उघडे आहे, पण आत विमा कंपनी बसलेली नाही. हुकूम होईल मालकाविरुद्ध. मालकाचे घर विकले जाईल किंवा आजी रित्या हाताने घरी येतील. बहुधा दुसरेच. आणि चालवणारा पळून गेला तर? बिननंबरी गाडीचा मालक शोधायचा कसा, हे आधी आम्हाला कोणीतरी सांगावे.

‘एवढ्याशा गाडीने काय होतंय’ असे ज्यांना वाटते त्यांनी वजन बघावे. बॅटरी, मोटार, चालवणारा आणि मागे जेवणाच्या डब्यांची चौकोनी पेटी. हा सगळा ऐवज आवाज न करता मागून येतो. आणि हे शहर असे की एके काळी इथे साध्या सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. दिवा नसला, डबल सीट बसले तरी हवालदार अडवायचा. पायाने चालणाऱ्या सायकलीला बिल्ला होता, मोटारने धावणाऱ्या स्कूटरला काही नाही.

नोंदणी हा केवळ कागदी उपचार आहे, असे मानणाऱ्यांसाठी शहराची ताजी जखम आठवून द्यावी लागते. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये ज्या मोटारीने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला, ती विजेवरची, कोटीच्या वरची गाडी तेव्हा रीतसर नोंदलेली नव्हती. १,७५८ रुपये शुल्क भरायचे राहिले होते. चालवणारा सतरा वर्षांचा. त्या प्रकरणात श्रीमंतीविषयी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. पण बिननोंदणीची गाडी आपल्या रस्त्यांवर महिनोन् महिने बिनधास्त फिरू शकते, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. आज तीच गोष्ट गरिबांच्या नावाखाली, पण बरीचशी मध्यमवर्गाच्या सोयीसाठी, गल्लोगल्ली विकली जाते आहे.

गरिबांचे नाव घेणाऱ्यांना हिशेबच देतो. विजेवरच्या वाहनांना नोंदणी शुल्कातून केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्येच सूट दिली. राज्यात विजेवरच्या दुचाकींना मोटार वाहन करातून सूट आहे. उरतो विमा. जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे तीन किलोवॉटपर्यंतच्या विजेवरच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ४५७ रुपये. दिवसाला सव्वा रुपया. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचे हप्ते पाडायला काय हरकत आहे, हे सरकारने सांगावे. पण दिवसाचा सव्वा रुपया वाचावा म्हणून समोरच्याचे हाड बेवारस ठेवायचे, ही गरिबांची बाजू नव्हे. रस्त्यावर पायी चालणारा माणूस गाडी घेणाऱ्यापेक्षा गरीब असतो.

विरोधी बाजूत एक खरा मुद्दा आहे आणि तो आम्ही दाबून ठेवणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाने कायदेशीर चालवावे तरी काय? कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. हा नियम लूनाच्या जमान्यात शोभत होता. १९७२ मध्ये नगरच्या फिरोदियांच्या कायनेटिकने आणलेल्या त्या मोपेडवर निम्म्या महाराष्ट्राने कॉलेज केले, दूध घातले, पोस्टमनकी केली. आता शोरूममध्ये ५० सीसीची गाडी शोधून दाखवा. आणि विजेच्या गाडीला सीसी नसतातच. म्हणजे सोळाव्या वर्षाचे लायसन्स कागदावर आहे, ते वापरायला गाडी नाही. सरकारने हे दार उघडे आहे असे म्हणत भिंत बांधली, म्हणून पोरे खिडकीतून उड्या मारतात. त्या खिडकीलाच दुकानदार ‘नो पासिंग’ म्हणतो.

मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश दिले होते. आदेश योग्य होता. पण रस्त्यावर गाडी धरली की सापडतो तो चालवणारा. बहुधा दहा मिनिटांत पार्सल पोहोचवायच्या घाईत असलेला मुलगा. त्याची गाडी गेली की त्याची रोजी गेली. पिन काढून देणारा मात्र दुसऱ्या दिवशी शटर वर करून बसलेला असतो. कायद्यात त्याच्यासाठी कलम १८२-अ आहे. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात फेरफार करणाऱ्या विक्रेत्याला एका वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड. फेरफार करणाऱ्या मालकाला त्याच कलमात सहा महिने किंवा पाच हजार. कायदा करणाऱ्याने मोठा गुन्हेगार कोण ते ओळखले होते. राबवणाऱ्यांनी क्रम उलटा लावला.

आमची मागणी सगळ्या ई-सायकलींना आरटीओच्या रांगेत उभे करावे, अशी नाही. पायडल मारल्यावरच मोटार मदत करते आणि पंचविसाला ती आपोआप बंद होते, अशा सायकलीला सुटे सोडा. ती सायकलच आहे. ज्या गाडीत पायडल नाही, नुसती मूठ पिळली की पळते, तिला मात्र ओळख हवी. जर्मनीत ताशी ४५ किलोमीटरच्या आतल्या मोपेडला वाहन नोंदणीची कटकट नाही, पण विमा काढल्यावर विमा कंपनीच एक छोटी पाटी देते. ती दर मार्चला बदलते आणि तिचा रंगही फिरतो : काळा, निळा, हिरवा. लांबून रंग पाहिला की पोलिसाला कळते, यंदाचा विमा आहे की नाही. एजंट नाही, खेटे नाहीत. आपल्याकडे ऑनलाइन पॉलिसी दोन मिनिटांत निघते, तर पाटीला काय अडचण आहे?

ती पाटी कमी वेगाच्या ई-स्कूटरला सक्तीची करा. तो विमा असलेल्या गाडीने अपघात केला तर दावा न्यायाधिकरणात चालेल, अशी तरतूद करा. मोटार वाहन विकणाऱ्याला जसे ट्रेड सर्टिफिकेट लागते, तसा परवाना या दुकानांनाही लावा; कव्हरे विकणाऱ्याने उद्या स्कूटर विकू नये. सोळा ते अठरा वयासाठी सीसीऐवजी किलोवॉटमध्ये मर्यादा ठरवून लायसन्सचा खरा वर्ग सुरू करा. आणि पुढची मोहीम चौकात न काढता दुकानांत काढा.

हे सरकारने करायचे. तुम्ही या दसऱ्याला एवढेच करा. गाडी घ्यायला गेलात तर चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागा आणि बिलावर मोटारची शक्ती व कमाल वेग लिहून मागा. गाडी सवलतीबाहेरची असेल तर नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो आणि नोंदणीशिवाय त्याला ती तुमच्या ताब्यात देता येत नाही, हे त्याला ठणकावून सांगा. सीट उचलून कोणी पिन दाखवायला लागला तर त्याचे नाव, पत्ता आणि तारीख लिहून आरटीओला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. घरात आधीच अशी गाडी असेल तर ती पिन आज संध्याकाळी परत बसवून घ्या.

— पुण्यातले काही पादचारी आणि काही दुचाकीस्वार