गळा बदलला की पट्टी बदलते

नीरा नरसिंहपूरच्या घाटावर गेल्या आठवड्यात भाच्याने स्वतःच्या कानातला एक इअरफोन काढून माझ्या कानात कोंबला. समोर नीरा येऊन भीमेला मिळत होती, पलीकडे सोलापूर जिल्हा, वर देवळात भजनाची जुळवाजुळव, आणि कानात डीप पर्पल. गाणं १९७४च्या ‘बर्न’ अल्बममधलं. “मामा, गिलन नाही तर हा पर्पलच नाही,” भाचा म्हणाला. अल्बम निघाला तेव्हा त्याच्या आईचंही लग्न व्हायचं होतं. पण भक्ताला काळवेळ नसते.

इयन गिलन हे या बँडचं दैवत, हे मलाही मान्य. ज्याचं तोंडच सिंहाचं त्या देवाच्या गावात बसून त्या डरकाळीला नावं कोण ठेवणार? पण गिलन १९६९मध्ये आला तेव्हा रॉड इव्हान्सच्या मऊ, गोड गळ्यावर बँडचे तीन अल्बम होऊन गेले होते आणि ‘हश’ अमेरिकेत गाजलं होतं. म्हणजे भाच्याचा ‘खरा’ पर्पल हाच मुळात दुसरा. गिलनचा आवाज वर वर चढत किंकाळीपर्यंत जायचा. मग रिची ब्लॅकमोरची गिटार आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन त्याच्याशी जुगलबंदीला उतरले. ‘चाइल्ड इन टाइम’ ऐका, गवई कोण आणि साथीदार कोण ते ठरवता येत नाही.

१९७३मध्ये गिलन गेला. जागी आला डेव्हिड कव्हरडेल, तोवर कपड्यांच्या दुकानात काम करणारा, जाडसर, खर्जात रमणारा. त्याच्याकडून किंकाळ्या काढून घेण्याचा वेडेपणा बँडने केला नाही. वरचे सूर बास वाजवणाऱ्या ग्लेन ह्यूजकडे गेले, गाणी ब्लूजकडे झुकली, ठेक्यात कंबर हलू लागली. ब्लॅकमोरला पुढे हे इतकं खुपलं की १९७५मध्ये तो बाहेर पडला. मला मात्र ‘बर्न’ प्रामाणिक वाटतो, कारण त्यात नव्या गळ्यासाठी नवा संसार मांडलेला आहे. गिलन परतल्यावर त्याने कव्हरडेलच्या काळातली गाणी गायला नकार दिला, त्यातही मला शहाणपण दिसतं. ते कपडे दुसऱ्याच्या मापाचे होते.

फसलं ते १९९०मध्ये. ब्लॅकमोरच्याच रेनबो बँडमधला जो लिन टर्नर आणला आणि ‘स्लेव्हज अँड मास्टर्स’ रेनबोसारखाच वाजला. घरजावई ऐकले होते. इथे अख्खं घरच जावयाकडे राहायला गेलं.

उलट टोक एसी/डीसीचं. फेब्रुवारी १९८०मध्ये बॉन स्कॉट वारला, जुलैत ब्रायन जॉन्सनला घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात. गळा पार वेगळा, पण यंग बंधूंच्या गिटारींनी आपली चाल सोडली नाही. तिथे घराचा वासा गिटारच होती, म्हणून निभावलं.

आपल्याकडे ‘ललितकलादर्श’ने हेच पाहिलं. केशवराव भोसल्यांनी १९०८मध्ये काढलेली मंडळी, आणि तिची ओळख म्हणजे त्यांचाच धारदार, तारसप्तकात लखलखणारा गळा. जुलै १९२१मध्ये बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झालं आणि ऑक्टोबरात केशवराव गेले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. मंडळी बापूराव पेंढारकरांकडे आली. ते स्वतः गाणारे. जुन्या पदांच्या टाळ्यांवर काही वर्षं सहज निघाली असती. त्यांनी मामा वरेरकरांची नवी नाटकं घेतली: ‘सत्तेचे गुलाम’, मग ‘तुरुंगाच्या दारात’. वरेरकर केशवरावांच्याच काळात मंडळीत आले होते, पण आता वजन हळूहळू गाण्यावरून नाटकाकडे सरकलं आणि पु. श्री. काळ्यांचे पडदेही लोक पाहायला येऊ लागले. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी मंडळी पुन्हा उभी केली. १९६०च्या ‘पंडितराज जगन्नाथ’ला वसंत देसाईंच्या चाली होत्या. तीन गळे, तीन प्रकारचं नाटक, पाटी एकच. यातलं अस्सल कोणतं यावर वाद घालणारे तेव्हाही असणारच. संगमाखाली नदीला भीमाच म्हणतात. त्यातलं नीरेचं पाणी वगळून कोणी घागर भरत नाही.

हे सगळं भाच्याला सांगून देवळात गेलो, तर भजन खोळंबलेलं. नेहमीचे बुवा आजारी, त्यांच्या जागी बसलेल्या म्हाताऱ्यांचा आवाज खालचा. पेटीवाल्याने काळी दोन सोडून काळी एक धरली. पखवाजवाला कपाळाला आठ्या घालून हातोडीने गट्टे ठोकत सूर उतरवत बसला. थाप, ठोका, पुन्हा थाप. दहा मिनिटं गेली, कोणी घाई केली नाही.

भाचा खांबाला टेकला होता. इअरफोनमधून बारीक आवाज येत होता. ‘मशीन हेड’, १९७२. गिलन.