उपग्रह पडतच असतात

‘अवकाशात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात,’ असे शिकल्यासवरल्या घरांतही बिनदिक्कत सांगितले जाते. हे मुळातच चूक आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. ती नसती, तर स्थानक सरळ रेषेत कायमचे निघून गेले असते.

मग दुसरा पक्ष उभा राहतो: ओढ आहे, पण केंद्रोत्सारी बल तिला खोडून काढते. स्थानकासोबत फिरत गणित मांडणाऱ्याला ते बल सोयीचे आहे, हे मान्य. पण बाहेरून पाहणाऱ्याने सांगावे, ओढ खरोखरच खोडली गेली असेल तर मार्ग वाकतो कशाने? स्थानक पडतच असते. एका सेकंदात ते सुमारे ४.३ मीटर पडते. तेवढ्यात साडेसात किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. चंद्राचेही हेच. माणसे तरंगताना दिसतात, कारण तीही स्थानकाबरोबर पडत असतात.

याचा पुरावा अमेरिकेच्या अवकाशमोहिमांच्या इतिहासात आहे. ३ जून १९६५ रोजी जेमिनी-४ या यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी टायटन रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्या रोखाने जोर लावला, तरी तो दुरावतच गेला. ओढ नसती तर नेम धरून जाणे पुरले असते. पण कक्षेत वेग बदलला की मार्गच बदलतो: वेग वाढवला की यान वर चढते, फेरीला जास्त वेळ लागतो आणि पुढच्याला गाठायला निघालेला उलट मागे पडतो! जवळजवळ निम्मे इंधन संपल्यावर पाठलाग सोडावा लागला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला वॉली शिरा यांनी जेमिनी-६ए हे यान खालच्या, लवकर फेरी पुरी होणाऱ्या कक्षेतून वर आणत जेमिनी-७ पासून फूटभर अंतरावर नेले. गुरुत्वाकर्षण हिशेबात धरले, म्हणूनच ते साधले.

ह्यूस्टनचे अवकाश केंद्र मुलांना दाखवणाऱ्या मराठी पालकांना आणि आपल्याकडच्या विज्ञानशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: तरंगणाऱ्या अंतराळवीराचे चित्र दाखवाल, तेव्हा मॅकडिव्हिट यांच्या त्या पाठलागाची गोष्टही जरूर सांगा.